खटला कोणाच्या अंगणात चालवायचा? ओरेगॉनच्या जमिनीपासून भोपाळपर्यंत

७ ऑगस्ट १८६६. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात शेरीफच्या हुकुमाने एका जमिनीचा लिलाव झाला. बोली ३४१ डॉलर ६० सेंटची. जमिनीचा मालक मार्कस नेफ त्या वेळी राज्यातच नव्हता. तो कॅलिफोर्नियात होता. आपल्यावर दावा दाखल झाला आहे हे त्याला कोणी समक्ष सांगितले नव्हते, पत्राने कळवले नव्हते. जमीन विकत घेणारा माणूस मात्र त्याच्या चांगल्या परिचयाचा होता. तो त्याचाच जुना वकील होता.

या लिलावातून अमेरिकी कायद्यातील एक अतिशय मूलभूत प्रश्न उभा राहिला: एखाद्या न्यायालयाला एखाद्या माणसावर, किंवा कंपनीवर, निकाल देण्याचा अधिकार मुळात येतो कुठून? आजचा थ्रेड या प्रश्नाच्या इतिहासावर आहे. थ्रेड लांबलचक आहे आणि त्याचा शेवट आपल्या देशात होतो. म्हणून सवडीने वाचावा ही विनंती.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यायव्यवस्थेची एकच उतरंड आहे. अमेरिकेत तसे नाही. तेथे प्रत्येक राज्याची स्वतःची संपूर्ण न्यायव्यवस्था आहे आणि तिच्या शेजारी संघराज्याची दुसरी. एकाच शहरात, कधीकधी एकाच रस्त्यावर, दोन्ही न्यायालये उभी असतात. त्यामुळे दावा करणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. या प्रकारचा वाद या न्यायालयाच्या कक्षेत येतो का? आणि समोरच्या पक्षावर या न्यायालयाची सत्ता चालते का? पहिला प्रश्न विषयाचा, दुसरा माणसाचा. दोन्हींची गल्लत झाली की पुढचे काहीच उमगत नाही. परीक्षेत माझीही झाली होती.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात आहे. संघीय कायद्याचा किंवा घटनेचा प्रश्न असेल तर संघीय न्यायालय. शिवाय वादी एका राज्याचा नागरिक आणि प्रतिवादी दुसऱ्या राज्याचा, असे असले तरीही संघीय न्यायालय. हे दुसरे कलम कशासाठी? व्हर्जिनियाच्या सावकाराला मॅसॅच्युसेट्सच्या ज्यूरीसमोर न्याय मिळेल याची त्या काळी कोणालाच खात्री नव्हती. गाववाल्यांच्या पंचायतीत परक्याचे ऐकते कोण? १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने अशा दाव्यांसाठी ५०० डॉलरहून अधिक रकमेची अट घातली. आज ती अट ७५,००० डॉलरहून अधिक अशी आहे.

पण कंपनी कोणत्या राज्याची नागरिक? कंपनी जन्मत नाही, मतदान करत नाही, तिला घर नसते. १८०९ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जॉर्जिया राज्याने बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या सव्हाना येथील शाखेवर कर बसवला होता. बँकेने तो भरण्यास नकार दिला, तेव्हा राज्याच्या अधिकाऱ्यांनी शाखेत शिरून चांदीची नाणी उचलून नेली. बँक संघीय न्यायालयात गेली. सरन्यायाधीश जॉन मार्शल म्हणाले की, कंपनी स्वतः नागरिक नव्हे. तिच्या पडद्याआड असलेल्या माणसांचे नागरिकत्व पाहावे लागेल. कंपन्या लहान होत्या तोवर हे चालले. पुढे रेल्वे आल्या आणि एकेका कंपनीचे भागधारक डझनभर राज्यांत पसरले. मग १८४४ साली लेटसन खटल्यात न्यायालयाने सूर बदलला: ज्या राज्याने कंपनीला सनद दिली, त्या राज्याची ती नागरिक मानावी.

येथे एक गंमत लक्षात घ्यावी. दुसऱ्या राज्याच्या माणसाविरुद्ध संघीय न्यायालयात जायचे असेल तर कंपनी ‘नागरिक’. नागरिकांचे विशेषाधिकार प्रत्येक राज्यात मिळावेत असे कंपनी म्हणाली, तर ती नागरिक नाही. १८६९ च्या पॉल विरुद्ध व्हर्जिनिया निकालाने ते स्पष्ट केले. आणि १८८६ पासून चौदाव्या घटनादुरुस्तीपुरती कंपनी ‘व्यक्ती’ मानली जाऊ लागली. तीही कशी, तर सांता क्लारा खटल्यात सरन्यायाधीश वेट यांनी युक्तिवाद सुरू होण्यापूर्वी तोंडी सांगितलेले एक वाक्य न्यायालयाच्या वृत्तलेखकाने, म्हणजे बॅनक्रॉफ्ट डेव्हिस यांनी, निकालाच्या शीर्षटिपणीत छापले! मूळ निकालपत्रात त्या मुद्द्यावर विवेचन नाही. इतका मोठा सिद्धान्त इतक्या चिंचोळ्या दारातून आत आल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

व्यापाऱ्यांनी या नियमांचा फायदा न उठवला तरच नवल. केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे एका टॅक्सी कंपनीला रेल्वे स्थानकावर उभे राहण्याची मक्तेदारी हवी होती. राज्याचा कायदा अशा मक्तेदारीच्या विरुद्ध होता. संघीय न्यायालये मात्र त्या काळी आपला स्वतंत्र ‘सर्वसाधारण कायदा’ लावत आणि तो मक्तेदारीला अनुकूल होता. कंपनीच्या मालकांनी काय करावे? त्यांनी केंटकीतली कंपनी मोडली आणि शेजारच्या टेनेसीत त्याच नावाने नवी उभारली. गाड्या त्याच, स्थानक तेच, गिऱ्हाइके तीच. पण कागदोपत्री कंपनी आता ‘परराज्यातली’. १९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती होम्स यांनी कडक भिन्नमत लिहिले. त्यांच्या बाजूने दोनच न्यायमूर्ती होते, ब्रँडाइस आणि हार्लन स्टोन. दहा वर्षांनी ब्रँडाइस यांनी ईरी रेल्वेच्या खटल्यात तो जुना ‘सर्वसाधारण कायदा’ मोडीत काढला. स्टोन यांचे नाव ध्यानात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता नेफकडे परत जाऊ. माझ्या मते खरा इतिहास त्याच्या जमिनीत दडलेला आहे.

१८५० च्या ओरेगॉन जमीन देणगी कायद्याने आधीच वस्तीला आलेल्या अविवाहित गोऱ्या पुरुषाला ३२० एकर जमीन देऊ केली होती. ती भूमी मूळ रहिवासी जमातींची होती आणि त्यांच्याशी करारमदार पूर्ण होण्याआधीच तिचे वाटप सुरू झाले. नेफवर अन्याय झाला हे खरे. पण त्या जमिनीवरचा तो पहिला अन्याय नव्हे, एवढे नमूद करून पुढे जातो.

नेफने कागदपत्रांच्या कामासाठी जॉन मिचेल नावाचा वकील केला. हा मिचेल म्हणजे एक चालती बोलती कादंबरी होती. त्याचे खरे नाव जॉन हिपल. पेनसिल्व्हेनियात अशिलांचे पैसे आणि आपली प्रेयसी यांना बरोबर घेऊन तो पश्चिमेला पळून आला आणि नाव बदलून वकिली करू लागला. १८६५ च्या नोव्हेंबरात त्याने ओरेगॉनच्या राज्य न्यायालयात नेफवर दावा ठोकला: माझी फी थकली आहे, २५३ डॉलर १४ सेंट. नेफ कॅलिफोर्नियात राहतो, पत्ता ठाऊक नाही, असे शपथेवर सांगून त्याने वृत्तपत्रातून नोटीस देण्याची परवानगी मिळवली. ती छापली गेली ‘पॅसिफिक ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’ या मेथडिस्ट पंथाच्या साप्ताहिकात. नेफ हजर झाला नाही. फेब्रुवारी १८६६ मध्ये एकतर्फी निकाल लागला.

निकाल हाती असूनही मिचेल काही महिने स्वस्थ बसला. त्या उन्हाळ्यात नेफच्या जमिनीचा सरकारी मालकीदाखला ओरेगॉनला पोहोचला. आता नेफच्या नावावर जप्त करण्याजोगे काहीतरी होते. लगेच जप्ती, लिलाव आणि खरेदी. काही दिवसांतच मिचेलने जमीन सिल्व्हेस्टर पेनॉयर नावाच्या गृहस्थाच्या नावे केली. पेनॉयर पुढे वर्षानुवर्षे तिचे कर भरत राहिला.

१८७४ साली नेफ परत आला. त्याने पेनॉयरवर संघीय न्यायालयात दावा लावला. तो कॅलिफोर्नियाचा आणि पेनॉयर ओरेगॉनचा, म्हणून दार उघडे होते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जमिनीची किंमत १५,००० डॉलर होती. खालच्या न्यायालयात तो एका तांत्रिक मुद्द्यावर जिंकला. शपथपत्रात दोष निघाला. पेनॉयर वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात गेला.

जानेवारी १८७८ मध्ये न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल दिला, आणि त्यांनी तांत्रिक मुद्दा बाजूला सारून थेट पायालाच हात घातला. त्यांची मांडणी अशी: प्रत्येक राज्य आपल्या सीमेच्या आत सार्वभौम आहे. सीमेच्या आत असलेल्या माणसांवर आणि मालमत्तेवर त्याची पूर्ण सत्ता, सीमेबाहेर शून्य. माणसावर पैशाचा निकाल द्यायचा तर समन्स त्याच्या हाती राज्यातच पडले पाहिजे, किंवा तो स्वेच्छेने हजर झाला पाहिजे. मालमत्तेच्या आधारे खटला चालवायचा तर मालमत्ता सुरुवातीलाच ताब्यात घेतली पाहिजे. निकाल लागल्यानंतर नव्हे. मिचेलने यातले काहीच केले नव्हते. म्हणून तो निकाल निकालच नव्हता आणि त्यावर आधारलेला लिलावही पोकळ. जमीन नेफची.

फील्ड यांनी याला चौदाव्या घटनादुरुस्तीची जोड दिली. कोणतेही राज्य कोणाही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता योग्य कायदेशीर प्रक्रियेवाचून हिरावून घेणार नाही, असे ती दुरुस्ती सांगते. ज्याच्यावर सत्ताच नाही त्याच्याविरुद्ध चालवलेली प्रक्रिया ‘योग्य’ कशी असेल? चिकित्सक वाचकांच्या लक्षात एक विसंगती आली असेल: दुरुस्ती मंजूर झाली १८६८ साली आणि लिलाव झाला १८६६ साली. म्हणजे नेफच्या प्रकरणाला ती थेट लागू नव्हतीच. तरीही ‘न्यायालयाची कक्षा हा नागरिकाचा घटनात्मक हक्क आहे’ हे सूत्र तेथूनच रूढ झाले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी आणलेली दुरुस्ती अवघ्या दशकभरात जमिनीच्या भांडणात वापरली गेली, आणि मग रेल्वे कंपन्यांच्या हाती गेली.

निकाल लागला तेव्हा मिचेल कुठे होता? अमेरिकेच्या सिनेटमध्ये, ओरेगॉनचा प्रतिनिधी म्हणून! १९०५ साली जमीन घोटाळ्याच्या प्रकरणात तो दोषी ठरला आणि अपील प्रलंबित असतानाच वारला. पेनॉयर पुढे ओरेगॉनचा गव्हर्नर झाला.

फील्ड यांचा नियम घोडागाडीच्या जगात शोभून दिसणारा होता. माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो. कंपनी मात्र एकाच वेळी चाळीस राज्यांत माल विकते आणि तिच्या हातात समन्स देता येत नाही. राज्यांनी मग युक्त्या शोधल्या. आमच्या राज्यात धंदा करायचा असेल तर समन्स घेण्यासाठी एक मुनीम नेमा, नाहीतर परवानगी नाही. नेमला नाही तरी ‘संमती गृहीत’. मोटारी आल्यावर १९२७ साली न्यायालयाने हेही मान्य केले की परराज्यातल्या माणसाने आमच्या रस्त्यावर गाडी चालवली म्हणजे अपघाताच्या दाव्याला त्याने संमतीच दिली. कल्पितावर कल्पित रचले जात होते. १९५९ साली तर आर्कान्सा राज्याच्या हद्दीवरून उडत असलेल्या विमानात एका प्रवाशाला समन्स देण्यात आले आणि ते वैध ठरले!

या कल्पितांना छेद दिला एका बुटांच्या कंपनीने.

इंटरनॅशनल शू कंपनी. नोंदणी डेलावेरमध्ये, मुख्य कचेरी मिझुरी राज्यातील सेंट लुइस येथे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात १९३७ ते १९४० या काळात तिचे ११ ते १३ फिरते विक्रेते काम करीत. त्यांना पगार नव्हता, कमिशन होते. सगळ्यांचे मिळून वर्षाला ३१,००० डॉलरहून अधिक. कंपनीने त्या राज्यात कचेरी ठेवली नव्हती, मालाचा साठा ठेवला नव्हता. विक्रेते हॉटेलात खोली घेत आणि नमुने मांडत. प्रत्येक नमुना म्हणजे जोडातला एकच बूट! एका पायाचा बूट कोण विकत घेणार? विक्रेत्याला किंमत ठरवण्याचा किंवा करार करण्याचा अधिकार नव्हता. तो मागणी टिपून सेंट लुइसला पाठवी, मंजुरी तेथे मिळे, माल बाहेरून थेट दुकानदाराकडे येई. थोडक्यात, कंपनी वॉशिंग्टनमध्ये पैसे कमावीत होती आणि तरीही वॉशिंग्टनमध्ये ‘नव्हती’. ही मांडणी वकिलांनी घडवलेली दिसते, आणि ती चोख होती.

राज्याने कंपनीकडे बेरोजगारी निधीची वर्गणी मागितली. काळ कोणता, हे विसरू नये. महामंदीच्या तडाख्यानंतर नोकरी गेलेल्यांसाठी राज्याराज्यांतून हे निधी उभे राहत होते. राज्याने एका विक्रेत्याच्या हाती नोटीस दिली आणि दुसरी प्रत नोंदणीकृत टपालाने सेंट लुइसला धाडली. कंपनी म्हणाली, आम्ही तुमच्या राज्यात हजर नाही. चौदाव्या दुरुस्तीनुसार तुमची सत्ता आमच्यावर चालत नाही.

३ डिसेंबर १९४५ रोजी निकाल आला. लिहिणारे सरन्यायाधीश हार्लन स्टोन, टॅक्सीच्या खटल्यात भिन्नमताच्या बाजूला असलेले तेच. त्यांनी म्हटले की कंपनी ‘हजर’ आहे की नाही हा प्रश्नच फसवा आहे, कारण कंपनी स्वतःच एक कल्पित आहे. खरा प्रश्न असा: त्या राज्याशी तिचा किमान इतका संबंध आहे का, की तेथे खटला चालवणे न्याय्य व्यवहाराच्या रूढ कल्पनांना धक्का देणार नाही? ज्याने राज्यात धंदा करण्याचा लाभ घेतला, त्या राज्याच्या कायद्यांचे संरक्षण घेतले, त्याने त्या धंद्यातून उपजणाऱ्या देण्यांसाठी तेथे उत्तर द्यावे. कंपनी हरली.

न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक निष्कर्षाशी सहमत होते. पण त्यांनी वेगळे मत लिहून इशारा दिला. राज्याला आपल्या नागरिकांसाठी न्यायालयाचे दार उघडण्याचा अधिकार घटनेतच आहे. त्यावर ‘न्याय्यपणा’सारखे लवचीक माप बसवले तर उद्या कोणी न्यायाधीश तेच माप कंपन्यांच्या बचावासाठी वापरील. पुढचा इतिहास पाहता ब्लॅक यांचे पारडे मला जड वाटते.

पुढची सत्तर वर्षे भराभर ओलांडू. न्यायालयांनी दोन प्रकार पाडले. खटला त्या राज्यातल्या धंद्यातूनच उद्भवला असेल तर किमान संबंध पुरेसा. खटल्याचा त्या राज्याशी संबंध नसेल तर कंपनी तेथे जणू ‘स्वगृही’ असली पाहिजे. १९८० साली ओक्लाहोमात पेटलेल्या एका मोटारीसाठी न्यूयॉर्कच्या विक्रेत्याला ओक्लाहोमात खेचता येणार नाही, असे ठरले. २०१४ साली अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीतील छळाबद्दल तेथील २२ रहिवाशांनी जर्मनीच्या डाइमलर कंपनीवर कॅलिफोर्नियात लावलेला दावा कोसळला. कॅलिफोर्नियात मर्सिडीज कितीही विकल्या जात असल्या, तरी कंपनीचे घर तेथे नाही. घर म्हणजे साधारणतः दोनच जागा: जेथे नोंदणी ती आणि जेथून कारभार चालतो ती.

मग एखादी कंपनी खरोखर स्वगृही असेल तर? तर दार नक्की उघडते का?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइड इंडियाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेच्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे होते आणि ती कॉर्पोरेशन न्यूयॉर्क राज्यात नोंदलेली होती. अमेरिकेत दाखल झालेले सुमारे १४५ दावे न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे एकत्र आले. भारताच्या संसदेने १९८५ साली खास कायदा करून पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि सरकारही तेथेच गेले. न्यायालयाची सत्ता कंपनीवर चालते याबद्दल वाद नव्हता. किमान संबंध कसला, कंपनी तर आपल्या घरातच होती.

पण अमेरिकी कायद्यात आणखी एक उंबरठा आहे. सत्ता असली तरी न्यायाधीश म्हणू शकतो की हा खटला दुसरीकडे चालवणे अधिक सोयीचे आहे. १९८१ साली स्कॉटलंडमधील विमान अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे दार रुंद केले होते: परदेशी वादीने अमेरिकेचे न्यायालय निवडले, तर त्या निवडीला कमी वजन द्यावे. कार्बाइडने याचाच आधार घेतला.

मग जे घडले त्याला इतिहासात तोड सापडणे कठीण. भारत सरकार परदेशी न्यायाधीशाला सांगू लागले की आमची न्यायालये असा खटला पेलू शकणार नाहीत. विलंब फार, नुकसानभरपाईचा कायदा अविकसित. सरकारसाठी मार्क गॅलंटर या अमेरिकी अभ्यासकाने शपथपत्र दिले. आणि भारतीय न्यायव्यवस्था पूर्ण समर्थ आहे असे शपथेवर कोणी सांगितले? मुंबईचे नानी पालखीवाला यांनी, कार्बाइडच्या बाजूने. केशवानंद भारती खटल्यात घटनेच्या मूलभूत चौकटीसाठी उभा राहिलेला हा वकील. त्यांचे विधान चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. सरकारचे विधान लाजिरवाणे होते हेही नाकारणार नाही. परंतु एकाच्या अभिमानाचा लाभ कोणाला झाला आणि दुसऱ्याच्या कबुलीने कोणाचे हित साधणार होते, हे पाहिल्यावर बाजू निवडणे मला अजून जमलेले नाही.

१२ मे १९८६ रोजी कीनन यांनी खटला भारताकडे धाडला. हा खटला आपण ठेवून घेणे म्हणजे भारतावर परके मापदंड लादणे ठरेल. भारतीय न्यायव्यवस्थेला जगापुढे ताठ उभे राहण्याची संधी मिळावी, असा त्यांचा सूर होता. अटी तीन: कार्बाइडने भारतीय न्यायालयांची सत्ता मान्य करावी, तेथील निकालाची पूर्तता करावी आणि पुराव्यांच्या देवघेवीला अमेरिकी नियम पाळावेत. जानेवारी १९८७ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय कायम ठेवला. मात्र दुसरी आणि तिसरी अट काढून टाकली.

१९८९ च्या फेब्रुवारीत भारताच्या सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष वॉरन अँडरसन भारतातील फौजदारी खटल्याला कधीच हजर राहिले नाहीत. १४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने वाढीव भरपाईची केंद्र सरकारची याचिका फेटाळली.

त्याच वर्षी जूनच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये आणखी एक निकाल आला. ओहायो आणि व्हर्जिनियात काम केलेल्या एका रेल्वे कामगाराने नॉरफोक सदर्न कंपनीवर पेनसिल्व्हेनियात दावा लावला होता. त्या राज्याचा कायदा सांगतो की येथे धंद्यासाठी नोंदणी केली म्हणजे येथील न्यायालयांना संमती दिली. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटले: हे चालते. मुनीम नेमा, नाहीतर धंदा नाही, ही एकोणिसाव्या शतकातली जुनी युक्ती अजून जिवंत आहे, आणि आता ती किती राज्ये वापरतात हे पाहायचे.